अण्णा नगरच्या काचेतला समुद्र

चेन्नईचं मत्स्यालयाचं वेड जुनं आहे. मरीना किनाऱ्यावर १९०९ साली सरकारी सागरी मत्स्यालय उघडलं. मुंबईचं तारापोरवाला त्यानंतर बेचाळीस वर्षांनी आलं. दुसऱ्या महायुद्धात मरीनाचं मत्स्यालय बंद पडलं. पुढे शहराची हौस गोड्या पाण्यात उतरली. अण्णा नगरपासून जवळच्याच कोळत्तूरमध्ये घरोघरी टाक्यांत गोल्डफिश आणि फायटर वाढू लागले, आणि तो भाग रंगीत माशांची मोठी पेठ झाला. १९६८ च्या जागतिक व्यापार मेळ्याच्या जागेभोवती आखीवरेखीव वसलेल्या सुखवस्तू अण्णा नगरात खाऱ्या पाण्याचा टँक परवडणारं गिऱ्हाईक होतं. पण प्रवाळांचा टँक नुसत्या पैशावर उभा राहत नाही.

घरात प्रवाळ जगवता येतात हे जगाला सांगितलं ते जकार्ताच्या ली चिन एंग यांनी, १९६१ साली. त्यांची सामग्री साधी होती: समुद्रातले जिवंत खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे. खडकाच्या छिद्रांतले जीवाणू माशांच्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया पचवतात, हे त्यामागचं गुपित. जर्मन हौशी मंडळींनी नंतर त्याला प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि प्रखर दिव्यांची जोड दिली. खडक मात्र बराच काळ मागच्या काचेला टेकवून भिंतीसारखे रचले जात. दिसायला भरगच्च, पण मागे पाणी कोंडायचं आणि गाळ साचायचा. मग कमानी, सुटे खांब, मधे मोकळी वाळू अशी रचना रुळली. मिश्र प्रवाळांच्या टँकमध्ये तर मोकळी जागा ही सजावट नसून गरजच आहे: गॅलॅक्सियासारखं प्रवाळ लांब दंशतंतू सोडून शेजाऱ्याला भाजून काढतं. फांद्यांचे अ‍ॅक्रोपोरा वर, प्रखर उजेडात आणि जोरदार प्रवाहात. मांसल जाती खाली, मंद जागी.

भारतात हा सगळा हिशोब जुलै २००१ मध्ये बदलला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंगतीत, सर्व कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे आले. तुतिकोरीनच्या बाजूला चुन्यासाठी वर्षानुवर्षं प्रवाळ खणले जात होते, हे लक्षात घेतलं तर हा बडगा उशिराच आला म्हणायचा. तो किती कडक आहे हे मुंबईनेही पाहिलं: किनारी रस्त्याच्या वाटेत हाजी अली आणि वरळीला प्रवाळ सापडले, तेव्हा २०२० मध्ये वनखात्याची परवानगी घेऊन ते हलवावे लागले.

म्हणून परदेशी छायाचित्रांतला रंगीबेरंगी मिश्र टँक अण्णा नगरात जसाच्या तसा उभा करता येत नाही, आणि ते बरंच आहे. उरतं ते कृत्रिम खडकांवर रचलेलं काम: मशरूम, झोआन्थिड असे कठीण सांगाडा नसलेले प्रवाळांचे भाऊबंद, आणि जोडीला हॅचरीतले क्लाउनफिश. या माशांचं बंदिस्त प्रजनन केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आणि परंगिपेट्टैच्या अण्णामलै विद्यापीठ केंद्राने साधलं, त्यामुळे समुद्र ओरबाडायचं कारण उरलं नाही.

बाकी कसोटी चेन्नईच घेते. पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवायला चिलर लागतो, आणि मे महिन्यात तो थांबतच नाही. बाष्पीभवनाची भरपाई आरओच्या पाण्याने करायची, तर एका बादलीमागे दोन-तीन बादल्या वाया जातात. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराच्या पाणीपुरवठा मंडळाच्या, मेट्रो वॉटरच्या टँकरसाठी रांगा लागल्या होत्या, तेव्हा हे सांगायचीही लाज वाटावी. डिसेंबर २०१५ चा पूर आणि पुढच्याच डिसेंबरातलं वरदा चक्रीवादळ, दोन्ही वेळा शहराच्या अनेक भागांत वीज गेली. प्रवाह थांबला की काही तासांतच पाण्यातला प्राणवायू घटू लागतो. इनव्हर्टर नसेल तर हा नाद करूच नये.

दुकानदाराने मन्नारच्या आखातातला, प्रवाळ चिकटलेला ‘ताजा’ खडक पुढे केला, तर हात मागे घ्यावा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतल्या जीवासाठी किमान तीन वर्षांची कैद आणि पंचवीस हजारांचा दंड आहे. आणि तो जीव नुसता बाळगणं हासुद्धा गुन्हाच आहे.