खर्ड्याचा कोट आणि हौशी नोंदकरी

जामखेड तालुक्यातला खर्ड्याचा भुईकोट निंबाळकरांचा, १८व्या शतकातला. ११ मार्च १७९५ च्या लढाईत मराठ्यांकडून मार खाल्लेला निजाम अलीखान याच कोटात शिरला होता. गडभटक्यांची पावलं मात्र सह्याद्रीकडेच वळतात. सपाटीवरचे कोट नोंदींतही मागे राहतात.

किल्ल्यांची मराठी माहिती संकेतस्थळावर मांडण्यात डोंबिवलीच्या ‘ट्रेकक्षितिज’ संस्थेच्या हौशी मंडळींचा वाटा मोठा: जायचं कसं, पाहायचं काय, पाणी-मुक्कामाची सोय कुठे. दुसरा आधार १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचा. तिथे कुणीही लिहावं, पण संदर्भासह, ऐकीव दंतकथेला थारा नाही (निदान नियमात तरी!).

खर्ड्याला गेलात तर दरवाजा, तट, बुरूज यांचे स्वतः काढलेले फोटो तारखेसह विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहावर जरूर चढवा.