तुकडे जोडून सागरदर्शन

मुरूडजवळील राजपुरीच्या किनाऱ्यावर उभें राहिलें असतां जंजिरा व त्याच्या दोन्ही अंगांचा समुद्र एका छायाचित्रांत मावत नाहीं. म्हणून आम्ही कॅमेरा उभा धरून क्रमानें चित्रें घेतों. प्रत्येकांत मागील चित्राचा सुमारें तिसरा हिस्सा पुन्हां यावा. प्रकाशाचें माप एकच ठेवावें. न ठेवल्यास आकाशावर पट्टे उमटतात.

खरी मेख वळण्यांत आहे. हात लांबवून वळल्यास भिंग जागा सोडतें, जवळची होडी दूरच्या तटापुढें सरकते, आणि जोडचित्रांत एका होडीच्या दोन होतात. यास्तव भिंग जागच्या जागीं ठेवून त्याभोंवतीं आपणच पावलें टाकावीं. संगणक समान खुणा हुडकून तुकडे जोडतो खरा, पण लाट त्याच्यासाठीं थोडीच थांबते! सांधा खडकावर अगर तटावर घ्यावा.