पंपाचा गुण कमी का होतो?

घरात कुणाला दमा असला की 'पंप' हा शब्द सगळ्यांच्या ओळखीचा होतो. धाप लागली, छातीत घरघर सुरू झाली की निळा पंप तोंडाशी धरायचा, दोन फवारे ओढायचे. थोड्याच वेळात श्वास मोकळा होतो. पुढे मात्र तोच माणूस म्हणू लागतो, "पूर्वी दोन फवाऱ्यांत भागायचं, आता चारही पुरत नाहीत." मग आपण औषध नकली आहे म्हणून दुकानदाराला दोष देतो. पण खरे कारण बहुधा आपल्याच शरीरात असते.

या पंपात साल्बुटामॉल असते. श्वासनलिकेच्या स्नायूंतील पेशींच्या आवरणावर 'बीटा-2' नावाचे ग्राहक असतात. ते दारावरच्या घंटेसारखे असतात. औषधाने घंटा वाजवली की आतले जी-प्रथिन जागे होते, निरोप पुढे जातो आणि आवळलेला स्नायू सैल पडतो.

घंटा सारखीच वाजत राहिली तर घरातले काय करतील? पेशीही तेच करते. प्रथम काही विकरे ग्राहकाच्या आतल्या टोकाला फॉस्फेट चिकटवतात. त्या खुणेवर 'अरेस्टिन' नावाचे प्रथिन येऊन बसते आणि जी-प्रथिनाची वाट अडवते. हे सारे काही मिनिटांत घडते. नंतर ग्राहक पेशीच्या आत ओढला जातो. उसंत मिळाली तर फॉस्फेट निघते आणि ग्राहक पुन्हा दारावर येतो. पण मारा दिवसेंदिवस चालू राहिला तर ग्राहक मोडीत निघतात, नवे कमी तयार होतात. ग्राहकांचा हा अभ्यास अमेरिकेतील रॉबर्ट लेफकोविट्झ यांनी आयुष्यभर केला. 2012 साली त्यांना व ब्रायन कोबिल्का यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पेशीचा हा आवर म्हणजे बिघाड नव्हे, ते तिचे स्वसंरक्षण आहे. धोका वेगळाच आहे. निळा पंप स्नायू सैल करतो, पण श्वासनलिकेच्या आतली सूज उतरवत नाही. आपण फवारे वाढवत जातो आणि सूज आत वाढत राहते. फवाऱ्यांची गरज वाढणे ही दमा बळावल्याची खूण आहे.

सूज उतरवते ते स्टिरॉइडचे श्वासातून घ्यायचे औषध. तेच पेशीला नवे बीटा-2 ग्राहक तयार करायलाही लावते. 'स्टिरॉइड' म्हटले की आपण घाबरतो. पण श्वासातून घेतलेली मात्रा गोळ्यांच्या मानाने फार थोडी असते. दम्यावरील 'जीना' या जागतिक संस्थेने 2019 पासून प्रौढांना आणि किशोरवयीनांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये, असा सल्ला दिला आहे.

म्हणून आपण एवढे करू या. आठवड्यात किती दिवस पंप लागला ते कॅलेंडरवर लिहून ठेवू. दोनपेक्षा जास्त दिवस लागला तर डॉक्टरांना ते दाखवू. सूज उतरवणारे औषध बरे वाटले म्हणून मनाने बंद करणार नाही, ते घेतल्यावर चूळ भरू. मात्र धाप लागली असता पंप नाकारू नये. आराम पडला नाही तर थेट दवाखाना गाठावा. आणि लग्न जमणार नाही या भीतीने मुलीचा पंप लपवू नये. लपवल्याने दमा जात नाही, उपचार तेवढे लांबतात.