दुसऱ्याचे व्याख्यान, आपला वर्ग

विद्यार्थ्याने व्याख्यान घरी ऐकून यावे आणि वर्गाचा तास उदाहरणे सोडवण्यासाठी, शंकांसाठी मोकळा ठेवावा, या अध्यापनपद्धतीला फ्लिप्ड क्लासरूम म्हणतात. विद्यापीठांत ती ऑनलाइन व्हिडिओंच्या आधीपासून रुजली होती. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वर्गातले व्याख्यान कमी केले. विद्यार्थी धडा वाचून येत आणि दिलेल्या प्रश्नावर शेजाऱ्याशी वाद घालून उत्तर ठरवत. ओहायोतील मायामी विद्यापीठात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी व्याख्यानांच्या व्हिडिओ कॅसेट वापरून असाच वर्ग चालवला आणि २००० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

दुसऱ्या विद्यापीठाचा सबंध अभ्यासक्रम आयता घेण्याची सोय मात्र २०११ नंतर झाली. त्या वर्षी स्टॅनफर्डने तीन विषय जगाला खुले केले आणि एकट्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वर्गात सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावे नोंदवली. यांपैकी डेटाबेसच्या विषयाचे व्हिडिओ जेनिफर विडम यांनी मुळात स्वतःच्या वर्गातला वेळ मोकळा करण्यासाठी केले होते, ही गोष्ट लाखांच्या आकड्यांत झाकली गेली. पुढच्या वर्षी असे अभ्यासक्रम पुरवणारे कोर्सेरा आणि एडएक्स हे ऑनलाइन मंच सुरू झाले.

लगेच २०१२ मध्येच व्हँडरबिल्ट विद्यापीठात डग्लस फिशर यांनी मशीन लर्निंगच्या वर्गासाठी अँड्र्यू एंग यांचा कोर्सेरावरील अभ्यासक्रम नेमला आणि वर्गात शोधनिबंधांचे वाचन व प्रकल्प ठेवले. विद्यार्थ्यांना व्हिडिओ आपल्या गतीने पाहता येणे आवडले. त्यांची तक्रार होती ती व्हिडिओतला भाग आणि वर्गातला भाग एकमेकांशी नीट जुळत नसल्याची. परका अभ्यासक्रम वापरणाऱ्या कोणत्याही शिक्षकासमोर ही अडचण उभी राहू शकते.

या काळातली सर्वांत बोलकी उदाहरणे कॅलिफोर्नियातील सॅन होजे स्टेट विद्यापीठात सापडतात. २०१२च्या शरद सत्रात तेथील इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या एका तुकडीने एमआयटीचा 'सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स' हा अनंत अगरवाल यांचा एडएक्सवरील अभ्यासक्रम घेतला. व्हिडिओ घरी पाहायचे. वर्गात तिघातिघांचे गट करून उदाहरणे सोडवायची, आणि प्राध्यापक गटागटांतून फिरत अडलेले सोडवून देणार, अशी रचना होती. ९१ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. नेहमीच्या तुकड्यांत हे प्रमाण साठ टक्क्यांच्या आत होते. तुकडी एकच होती, त्यामुळे श्रेय कशाला किती द्यायचे हे एवढ्यावरून ठरत नाही. तरी एवढे दिसते की तासाचा बराच वेळ सरावाला मिळाला आणि चूक होताच ती दाखवणारा माणूस समोर होता.

त्याच विद्यापीठाने जानेवारी २०१३ मध्ये युडॅसिटी या ऑनलाइन मंचाबरोबर १५० डॉलर शुल्काचे तीन विषय सुरू केले. त्यांत गणिताचा पायाभूत वर्ग, बीजगणित आणि संख्याशास्त्र होते. येथे प्रत्यक्ष वर्गच नव्हता. गणितात आधी नापास झालेले, काही तर शाळेतले विद्यार्थी पडद्यासमोर बसले, निकाल नेहमीच्या वर्गांपेक्षा बराच खाली गेला आणि जुलैमध्ये उपक्रम थांबवावा लागला. दोन्ही प्रयोगांतले विद्यार्थी आणि विषय वेगळे होते, म्हणून तुलना काटेकोर नाही. पण ज्यांना शिक्षकाची सर्वाधिक गरज होती त्यांच्याच वाट्याला शिक्षक सर्वांत कमी आला, हा नियोजनाचा दोष होता आणि तो साधा म्हणता येणार नाही.

एप्रिल २०१३ मध्ये तेथील तत्त्वज्ञान विभागाने हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल सँडेल यांना खुले पत्र लिहून त्यांचा 'जस्टिस' हा व्हिडिओ अभ्यासक्रम वापरण्यास नकार दिला. इतरांच्या व्याख्यानांवर वर्ग चालवू लागलेली विद्यापीठे हळूहळू शिक्षकांची पदेच काढून टाकतील, ही त्यांची भीती होती. आपल्या व्याख्यानांनी सहकाऱ्यांचे नुकसान होऊ नये, असे सँडेल यांनी उत्तरात म्हटले. ही भीती रास्त होती. तंत्रज्ञानाने शिक्षकाचा वेळ मोकळा होतो, आणि तो विद्यार्थ्यांना द्यायचा की खर्चात वाचवायचा हे प्रशासन ठरवते.

फ्लिप्ड वर्गामागच्या तत्त्वाला २०१४ मध्ये भक्कम आधार मिळाला. विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या २२५ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, केवळ व्याख्यान असलेल्या वर्गांत अनुत्तीर्णांचे प्रमाण सुमारे ३४ टक्के, तर विद्यार्थ्यांना कृतीत गुंतवणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के आढळले.

भारतात आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेचा एनपीटेल हा व्याख्यानांचा संग्रह २००३ पासून उभा राहत होता. २०१७ मध्ये स्वयम् हे केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ आले. आयआयटी मुंबईने अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या शिक्षकांना ऑनलाइन आणि मिश्र अध्यापनाचे प्रशिक्षण दिले, त्यात वर्ग फ्लिप करण्याचाही भाग होता. महाविद्यालयांत या अभ्यासक्रमांचे चलन वाढवले ते श्रेयांकांच्या नियमांनी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये सत्रातील २० टक्क्यांपर्यंत आणि २०२१ मध्ये ४० टक्क्यांपर्यंत विषय असे घेण्यास मुभा दिली. या वाटेने विद्यार्थी अभ्यासक्रम एकटा पुरा करतो, परीक्षा देतो, आणि महाविद्यालयातला वर्ग त्याला समांतर चालू राहतो. दोहोंची सांगड घालायची तर प्राध्यापकाने व्हिडिओ आधी पाहून त्यातला कोणता भाग घ्यायचा ते ठरवायचे, आपल्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाशी तो ताडायचा आणि वर्गासाठी नवी उदाहरणे रचायची. आयोगाच्या २०१८च्या नियमांत सहायक प्राध्यापकासाठी आठवड्याला थेट अध्यापनाचे १६ तास आहेत. ही सगळी तयारी या तासांबाहेर करावी लागते.