सोडियमच्या दिव्यापासून फुटलेल्या वाटा

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल. खिडक्यांना काळे पडदे, टेबलावर स्पेक्ट्रोमीटर, त्याच्यासमोर सोडियमचा दिवा. बटण दाबलं तरी हा दिवा लगेच पिवळा होत नाही. आधी गुलाबी-लाल उजळतो, कारण नळीत थोडा निऑन वायू असतो आणि पहिल्यांदा तोच पेटतो. त्याच्या उष्णतेनं आतल्या सोडियमची हळूहळू वाफ होऊ लागते. पाच-दहा मिनिटांत लाली ओसरते आणि वही, हात, शेजाऱ्याचा चेहरा, सगळं एकाच पिवळ्या रंगात बुडून जातं. बीड जिल्ह्यातल्या कॉलेजात फिजिक्स शिकलेल्याला पुढची गोष्ट सांगावी लागत नाही. नेमकं रीडिंग घ्यायच्या वेळी लाईट जाते, आणि आल्यावर दिवा पुन्हा लालापासून सुरुवात करतो.

पण थांबावं. ग्रेटिंग लावून स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीला डोळा लावला की त्या एका पिवळ्याचे दोन होतात. शेजारीशेजारी दोन बारीक रेषा, एक ५८९.० नॅनोमीटरची, दुसरी ५८९.६ची. सूर्याच्या प्रकाशात याच जागी दोन काळ्या रेषा दिसतात. म्हणजे आपल्या टेबलावरच्या नळीत जे आहे, तेच पंधरा कोटी किलोमीटरवरच्या सूर्यावरही आहे, आणि हे तिथं न जाता कळलं.

याहून मोठी गोष्ट या रेषांच्या शेजारी घडली. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात पिएर जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ आंध्रातल्या गुंटूरला दुर्बीण लावून बसला होता. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाळांच्या प्रकाशात एक ठळक पिवळी रेषा दिसली. ती सोडियमचीच असावी, असं आधी वाटलं. पुढे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियरनं नीट मोजलं तेव्हा रेषा ५८७.६ च्या आसपास निघाली. फरक जेमतेम दीड नॅनोमीटरचा. ‘एवढं तर चालतंच’ म्हणून तो सोडून दिला असता, तर हेलियम तेव्हा सापडला नसता. पृथ्वीवर तो हाती लागला १८९५ मध्ये, सूर्यावर सापडल्यानंतर २७ वर्षांनी.

फिजिक्सच्या जर्नलमध्ये उत्तराखाली आणखी एक ओळ लिहावी लागते: त्रुटी. मोजलं किती, हे तर सांगायचंच. शिवाय ते किती चुकलेलं असू शकतं, हेही सांगायचं. स्क्रू गेजचा झीरो एरर, व्हर्नियरचा लीस्ट काउंट, पाच रीडिंगची सरासरी. मार्कांसाठी नाइलाजानं लिहिलेली हीच ओळ मला या विषयाचा गाभा वाटते, आणि फिजिक्स शिकलेली माणसं इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी का पोचतात, याचं उत्तरही मला तिथंच सापडतं.

घरात मात्र प्रश्न साधा असतो. मेडिकलला गेलेला डॉक्टर होतो, डीएड केलेली मास्तरीण होते. ‘फिजिक्स घेतलंय, मग पुढं काय?’ ‘भौतिकशास्त्रज्ञ’ अशी पाटी गावात कुठंच लागलेली नसते, म्हणून पोरालाही उत्तर सुचत नाही. पण जिल्ह्यात जरा नजर फिरवली, तर या विषयाच्या पाट्या जागोजागी दिसतात.

परळीपासून सुरुवात करू. वैजनाथाच्या दर्शनाला येणाऱ्याला औष्णिक विद्युत केंद्राची धुरांडी दिसतातच. २०१३ च्या दुष्काळात हे केंद्र बंद ठेवावं लागलं, ते पाणी नव्हतं म्हणून. कोळशावर चालणाऱ्या केंद्राचं पाण्यावाचून एवढं का अडावं? याचं उत्तर सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्यानं १८२४ मध्ये शोधलं होतं. उष्णतेपासून काम करून घ्यायचं, तर नुसती तप्त बाजू पुरत नाही, थंड बाजूही लागते. उष्णता वरून खाली वाहताना वाटेत चाक फिरवते, आणि खालची बाजू मोकळी राहिली नाही तर वाहणंच थांबतं. वाफ ५४० अंशांवर आणि कंडेन्सर ४० अंशांवर असेल, तर निसर्गाचा नियमच सांगतो की उष्णतेच्या ६१-६२ टक्क्यांहून जास्त भागाचं काम होऊ शकत नाही. प्रत्यक्षात एक तृतीयांशाच्या आसपास हाती लागतं, आणि उरलेल्यातली बहुतेक उष्णता पाण्याकरवी बाहेर टाकावी लागते. तेव्हा परळीत कोळशाचा तुटवडा नव्हता, ‘थंडाव्या’चा होता. हे ज्याला वर्गात उमगलं, तो पुढे महानिर्मितीत गेला काय किंवा पाटबंधारे खात्यात गेला काय, वीज आणि पाणी हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं तो कधी मानणार नाही.

आता बालाघाटाच्या माथ्यावर या. मांजरसुंबा, पाटोद्याकडच्या डोंगरांवर पवनचक्क्यांची पाती फिरताना दिसतात. वाऱ्यातली ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. वारा सेकंदाला ६ मीटरऐवजी ७ मीटर वाहिला, तर वेग वाढला सहावा हिस्सा, पण ऊर्जा वाढली जवळपास ५९ टक्के. आता उलट बाजूनं पाहा. वारा मोजणाऱ्यानं १० टक्के जास्त वेग लिहिला, तर ऊर्जेचा अंदाज ३३ टक्क्यांनी फुगला. कोट्यवधींची पवनचक्की कुठल्या टेकडीवर उभी करायची, हे अशा एका आकड्यावर ठरतं. त्रुटीची ती ओळ इथं थेट पैशांत उतरते.

भारतातला वारा नीट मोजायला शिकवणाऱ्यांत पहिलं नाव घ्यावं लागतं अण्णा मणी यांचं. जन्म केरळातल्या पीरमेडचा, १९१८ चा. पदवी मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजची, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राची. बंगळुरात सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणकांच्या प्रकाशावर काम केलं, प्रबंधही लिहिला. पण हाती एमएस्सी नव्हती, म्हणून विद्यापीठानं पीएचडी नाकारली. फिजिक्समध्येच पुढं शिकायला त्या लंडनला निघाल्या, आणि शिष्यवृत्ती मिळाली ती हवामानाच्या उपकरणांसाठी. १९४८ मध्ये त्या पुण्याला हवामान खात्यात रुजू झाल्या. तोवर साधी साधी उपकरणंही परदेशातून यायची. त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले आणि ती इथंच बनू लागली. निवृत्तीनंतर ऊन आणि वारा यांच्या देशभरच्या नोंदींना त्यांनी वाहून घेतलं. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, असं त्या मानत. हिऱ्यांपासून निघालेली बाई वाऱ्यापाशी पोचली. विषय बदलत गेले, मोजण्याची निष्ठा तीच राहिली.

तिसरी पाटी दवाखान्यात आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. बीड जिल्ह्यातले कितीतरी कॅन्सरचे पेशंट छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जातात. डॉक्टर सांगतात, ‘शेक’ द्यायचा, म्हणजे रेडिएशन. कुठल्या गाठीला किती मात्रा द्यायची, हे डॉक्टर ठरवतात. पण ती मात्रा मशीनमधून खरोखर तेवढीच निघते का, हे पाहणारा माणूस फिजिक्सवाला असतो. त्याला मेडिकल फिजिसिस्ट म्हणतात. एमएस्सी फिजिक्सनंतर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा करून या कामात जाता येतं. ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्टचं देशी मशीनही याच केंद्रानं घडवलं.

हे काम जरा जवळून पाहू. कोबाल्ट-६० दर ५.२७ वर्षांनी निम्मा होतो, म्हणजे महिन्याला सुमारे १.१ टक्क्यानं क्षीण होतो. आज जी मात्रा द्यायला १०० सेकंद लागतात, तिला सव्वापाच वर्षांनी २०० सेकंद लागतील. म्हणून दर महिन्याला वेळेचा हिशेब नव्यानं मांडायचा. आणि मशीनची ताकद मोजायची कशी? पाण्याच्या टाकीत हवेनं भरलेली बोटाएवढी कुपी बुडवतात. किरणांनी त्या हवेत जो विद्युतभार सुटतो, तो मोजतात. पण संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे. हवा तिथं विरळ, म्हणून कुपीतले रेणूही कमी. हवेच्या दाबाची दुरुस्ती करायला विसरलं, तर मशीन आहे त्यापेक्षा ६ टक्क्यांच्या आसपास दुबळं वाटेल, आणि पेशंटला तेवढी मात्रा जास्त जाईल. या उपचारात चूक एकूण ५ टक्क्यांच्या आत राहावी, असा जगभरचा दंडक आहे. बॅरोमीटरचं एक रीडिंग, बारावीत पाठ केलेला वायूंचा नियम, आणि पलीकडे टेबलावर झोपलेली कुणाची तरी आई. त्रुटीच्या ओळीचं मोल यापेक्षा स्पष्ट मला कुठं दिसलेलं नाही.

फिजिक्स शिकून फिजिक्सपासून फार लांब गेलेलेही आहेत, आणि त्यांतलं सर्वांत ठळक नाव याच जिल्ह्यातलं आहे. प्रमोद महाजन अंबाजोगाईत वाढले. पदवी भौतिकशास्त्राची, मग पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधून पत्रकारिता, राज्यशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, काही काळ शिक्षकी, वर्तमानपत्राचं काम आणि शेवटी पूर्णवेळ राजकारण. १९९९ मध्ये केंद्रात माहिती तंत्रज्ञानाचं वेगळं खातं निघालं, तेव्हा ते महाजनांकडे आलं, आणि पुढे दूरसंचारही. त्यांच्याच काळात २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा झाला आणि डिजिटल सहीला कायद्याची मान्यता मिळाली. पदवीमुळे ते मंत्री झाले, असं कुणी म्हणणार नाही. पण अंबाजोगाईच्या एका फिजिक्स पदवीधराच्या हाती देशाचं टेलिफोन आणि कॉम्प्युटरचं धोरण आलं होतं, हे आजच्या विद्यार्थ्यांना माहीत असायला हवं.

दूर गेलेल्यांची आणखी एक वाट बँका आणि शेअर बाजाराकडे जाते. तिथं फिजिक्सवाल्यांना का बोलावतात? तापलेल्या सळईत उष्णता कशी पसरते, याचं समीकरण एमएस्सीत शिकवतात. १९७३ मध्ये ऑप्शनची, म्हणजे शेअर ठरल्या भावानं पुढे घेण्या-विकण्याच्या हक्काची, किंमत ठरवण्यासाठी ब्लॅक आणि शोल्स यांनी जे समीकरण मांडलं, ते थोडं फिरवून लिहिलं की हेच उष्णतेचं समीकरण हाती येतं. सळई आणि शेअर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी सळईतली उष्णता आणि शेअरच्या भावाची अनिश्चितता एकाच चालीनं पसरते. मला याचं आश्चर्य अजून ओसरलेलं नाही.

आणि आता मराठवाड्याच्या उंबऱ्यावर आलेली सर्वांत नवी पाटी. परळीचा वैजनाथ आणि हिंगोली जिल्ह्यातला औंढ्याचा नागनाथ ही दोन ज्योतिर्लिंगं आपल्याकडे एकाच यात्रेत करतात. त्या औंढ्याजवळ ‘लायगो-इंडिया’ उभी राहते आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या या वेधशाळेला २०२३ मध्ये केंद्र सरकारनं सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, आत निर्वात नळ्या, नळ्यांतून लेसर. अमेरिकेतल्या अशाच वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती. ती लहर पृथ्वीवरून गेली तेव्हा चार किलोमीटरचा बाहू प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या भागाएवढा लांब-आखूड झाला. इतकी बारीक खूण गोंगाटातून ओळखण्याच्या पद्धतीवर पुण्याच्या ‘आयुका’त संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९० च्या सुमारास मूलभूत काम केलं होतं. औंढ्याला लेसर सांभाळणारे, निर्वात पंप पाहणारे, आकडेवारी चाळणारे अनेक हात लागतील. गेवराईच्या किंवा केजच्या पोरीला त्यासाठी परदेश गाठायची गरज नाही.

एवढ्या सगळ्या पाट्या मोजल्या, तरी बीडमध्ये फिजिक्स शिकलेल्यांतले बरेच जण शेवटी खडूच हाती घेतात. कुणी बीएड करून शाळेत, कुणी सेट-नेट होऊन कॉलेजात, कुणी नीटच्या क्लासवर. ‘काहीच जमलं नाही म्हणून मास्तर झाला’ असं म्हणतात, ते मला मान्य नाही. वरच्या सगळ्या वाटा कुणातरी मास्तरच्या टेबलापासूनच निघालेल्या आहेत.

त्याला प्रयोगशाळाही लागत नाही. एक मीटर दोरी, तिच्या टोकाला दगड, शाळेच्या ओसरीत आढ्याला बांधलेला. वीस झोके मोजायचे. ४० सेकंद लागले तर गणित करून गुरुत्वाकर्षणाचं त्वरण ९.८७ येतं, पुस्तकातल्या ९.८ च्या अगदी जवळ. पण पाचव्या बाकावरच्या पोराचे ३९ सेकंद येतात आणि त्याचं उत्तर १०.४ निघतं. शेजाऱ्याच्या वहीत डोकावून तो रबर उचलतो.

‘खोडू नको,’ सर म्हणतात. ‘तुझं जे आलं ते राहू दे. खाली लिही, किती चुकू शकतं ते. आणि परत मोज.’