पहिले पैसे कोणी दिले?

एच-१बी व्हिसाच्या एक लाख डॉलर शुल्काची चर्चा आपल्या घराघरांत झाली. कोणाचा भाचा अडकला, कोणाची सून परत येणार, हे सगळं आपण २०२५ च्या सप्टेंबरपासून ऐकतो आहोत. त्या गोंगाटात दुसरी एक बातमी मात्र आपल्या कानांवरून गेली. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेने नायजेरियाच्या नागरिकांवर अंशतः प्रवेशबंदी लागू केली. शब्द ‘अंशतः’ असला तरी तिच्यात पर्यटन आणि व्यवसाय-भेटीचे व्हिसा आले, विद्यार्थ्यांचे आले आणि कायम वास्तव्यासाठीचेही आले. सामान्य माणूस ज्या दारांनी अमेरिकेत शिरतो, त्यांतली बहुतेक दारं हीच.

ही बातमी मला लागली, कारण अमेरिकेतल्या नायजेरियन उद्योजकांच्या, लेखकांच्या, कलावंतांच्या मुलाखती मी आवडीने ऐकते. पॉडकास्टवर, विद्यापीठांच्या मंचांवर, पुस्तकांच्या प्रकाशनांना अशा मुलाखतींचा पूर आहे. नायजेरियात जन्मलेले चार लाखांहून अधिक लोक आज अमेरिकेत राहतात आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक प्रौढांकडे पदवी किंवा त्यापुढचं शिक्षण आहे. अमेरिकेच्या सरासरीपेक्षा हे प्रमाण खूप वरचं. याला इतिहास आहे. १९८६ मध्ये नायजेरियाने नाणेनिधीच्या धर्तीवरचा आर्थिक कार्यक्रम स्वीकारला, नायरा या तिथल्या चलनाची किंमत कोसळली आणि प्राध्यापक-डॉक्टरांचे पगार कवडीमोल झाले. १९९३ मध्ये लष्कराने झालेली निवडणूकच रद्द केली आणि मग सानी अबाचा या लष्करशहाची राजवट आली. त्या काळात विमानात बसू शकले ते शिकलेले होते. तेव्हा ‘शून्यातून सुरुवात’ हे शब्द या मुलाखतींना नेहमीच लागू पडत नाहीत. खिशात काही नव्हतं हे खरं, पण डोक्यात आणि घरात पुष्कळ होतं.

मुलाखत घेणारा मात्र ठरलेल्या प्रश्नांवरून पुढे जातो: तुम्ही खचला नाहीत कसे, हे बळ कुठून आलं, तरुणांना काय सांगाल? उत्तर देणारेही सवयीने जिद्द, आई, देव अशी उत्तरं देतात. मी वाट पाहते ती मधल्या ओघात निसटून येणाऱ्या हिशेबाची. कोणी किती पैसे दिले, कोणी फी माफ केली, कोणी दोन महिने घरी ठेवून घेतलं. खरी गोष्ट तिथे सुरू होते असं माझं ठाम मत आहे.

टोपे अवोटोना या माणसाच्या बाबतीत हा हिशेब फार स्वच्छ मिळतो, कारण तो स्वतःच तो मांडतो. भेटीची वेळ ठरवण्यासाठी अनेक भारतीय कंपन्याही जे ‘कॅलेंडली’ वापरतात, त्याचा हा संस्थापक. जन्म लागोसचा. तो बारा वर्षांचा असताना गाडी लुटायला आलेल्यांनी त्याच्या वडिलांना गोळ्या घातल्या, त्याच्या डोळ्यांदेखत. वडील नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय उभारू पाहत होते, आणि त्यांचं काम अर्ध्यात राहिलं ही बोच आपल्यामागे कायम राहिली, असं तो सांगतो. १९९६ मध्ये कुटुंब अमेरिकेत अटलांटाला आलं. जॉर्जिया विद्यापीठात तो संगणकशास्त्रात दाखल झाला, मग ते सोडून व्यवस्थापनाकडे झुकलेल्या माहिती-प्रणालींकडे वळला, आणि पुढे काही वर्षं कंपन्यांना सॉफ्टवेअर विकण्याच्या नोकऱ्या केल्या.

इथून पुढे ऐकावं ते त्याच्या बुडालेल्या धंद्यांबद्दल. पहिला डाव डेटिंग संकेतस्थळाचा. मग प्रोजेक्टर विकण्याचं ऑनलाइन दुकान. मग अंगणात मांस भाजण्याच्या शेगड्या. तिन्ही बुडाले. का बुडाले, याचं त्याचं विश्लेषण कुठल्याही व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवावं इतकं सरळ आहे: पैसे मिळतील म्हणून ते धंदे निवडले होते, त्या वस्तूंमध्ये त्याला काडीचा रस नव्हता. प्रोजेक्टरमधला नफा इतका तुटपुंजा की विक्री वाढली तरी हाती काही लागेना. शेगड्यांबद्दल तर त्याला काही ठाऊकच नव्हतं. तो राहायचा फ्लॅटमध्ये.

कॅलेंडली सुचलं ते विक्रेत्याच्या रोजच्या वैतागातून. अनेक जणांची एक बैठक ठरवायला ईमेलांचा ढीग. या वेळी त्याने घाई केली नाही. बाजारात असलेली या प्रकारची सगळी साधनं स्वतः वापरून पाहिली, त्यांच्या उणिवा टिपल्या, आणि मग नोकरी सोडली. जमवलेली सगळी पुंजी, निवृत्तीसाठी बाजूला टाकलेला निधीसुद्धा मोडून, त्याने यात घातली. ही रक्कम सुमारे दोन लाख डॉलर होते. प्रोग्रॅम लिहायचं काम त्याने युक्रेनमधल्या कीव्हच्या एका कंपनीला दिलं. २०१४ मध्ये तिथे आंदोलनाचा भडका उडालेला असतानाही तो कामासाठी कीव्हला जाऊन राहिला. ‘जिद्द’ म्हणून मुलाखतींमध्ये हाच प्रसंग उचलला जातो, आणि तो उचलावा असाच आहे.

पण पुंजी संपली तेव्हा काय झालं? तो गुंतवणूकदारांकडे गेला आणि एकामागून एक नकार घेऊन परतला. त्याच्यापेक्षा कच्च्या कल्पना घेऊन आलेल्या, वेगळ्या रंगारूपाच्या लोकांना तेच गुंतवणूकदार पैसे देत होते, हे त्याने पुढे उघडपणे बोलून दाखवलं आहे. अमेरिकेतल्या एकूण साहसी भांडवलापैकी कृष्णवर्णीय संस्थापकांच्या वाट्याला दोन टक्केही येत नाहीत, तेव्हा ही कोणाची व्यक्तिगत तक्रार म्हणून सोडून देता येत नाही. अखेर अटलांटातल्याच डेव्हिड कमिंग्ज यांच्या संस्थेने साडेपाच लाख डॉलर दिले. शहरातल्या शहरात, एकाच इमारतीत वावरणाऱ्या माणसाने त्याचं काम जवळून पाहिलं होतं म्हणून. तेवढ्यावर कंपनी पुढची अनेक वर्षं चालली, कारण या वस्तूला जाहिरात लागत नाही: तुम्ही कोणाला भेटीचा दुवा पाठवला की त्यालाही हे साधन दिसतं, आणि काही जण ते स्वतः वापरू लागतात. २०२१ च्या जानेवारीत कंपनीत ३५ कोटी डॉलरची गुंतवणूक आली, किंमत ठरली तीन अब्ज डॉलरच्या वर. तेव्हा वापरणारे सुमारे एक कोटी होते.

वडिलांचा खून, कीव्ह, तीन अब्ज. या तीन खुंट्यांवर गोष्ट टांगली की ती छान दिसते. ते साडेपाच लाख डॉलर काढून घेतले, तर दोन लाखांची पुंजी बुडालेला आणि पुन्हा विक्रेत्याची नोकरी शोधणारा एक स्थलांतरित उरतो, आणि त्याला मुलाखतीला कोणी बोलावत नाही.

क्वामे ओनवुआची हा बल्लवाचार्य न्यूयॉर्कमध्येच जन्मलेला, वडिलांकडून नायजेरियन. आई घरातून केटरिंग करायची. मुलगा हाताबाहेर चालला म्हणून दहाव्या वर्षी त्याला नायजेरियात आजोबांकडे धाडलं; दोन वर्षं तिथे काढून तो परतला. पुढे स्वतःच्या केटरिंगसाठी त्याने न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत चॉकलेट-गोळ्या विकून वीस हजार डॉलर उभे केले. हे सगळे सांगतात. याच माणसाचं वॉशिंग्टनमधलं पहिलं मोठं रेस्टॉरंट २०१६ च्या नोव्हेंबरात गाजावाजा करत उघडलं आणि तीन महिन्यांच्या आत बंद पडलं. सत्ताविशीच्या पोराने देशासमोर खाल्लेला हा मार. त्याच शहरातल्या एका हॉटेलने वर्षाच्या आत त्याच्या हाती दुसरं स्वयंपाकघर दिलं, आणि २०१९ मध्ये जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला तो त्या स्वयंपाकघरातल्या कामाला. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये त्याने बहिणीच्या नावाने ‘तातियाना’ रेस्टॉरंट सुरू केलं. लिंकन सेंटर उभारताना १९५० च्या दशकात सॅन हुआन हिल ही कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन वस्ती पाडली गेली होती. त्या जागेवर आता एगुसीच्या बियांचं सारण भरलेल्या मोदकाएवढ्या पुरचुंड्या आणि नायजेरियन सुया मसाल्यातलं मांस मानाने वाढलं जातं. न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकाने २०२३ मध्ये शहरातल्या शंभर उत्तम रेस्टॉरंटांत त्याला पहिलं स्थान दिलं.

एन्जिडेका अकुन्यिली क्रॉस्बी ही चित्रकार एनुगूहून किशोरवयात अमेरिकेत आली ती आईला ग्रीन कार्डची सोडत लागली म्हणून. सोडत! ती आई म्हणजे डोरा अकुन्यिली, जिने पुढे नायजेरियाच्या औषध नियामक संस्थेची प्रमुख म्हणून बनावट औषधांच्या टोळ्यांशी सामना केला आणि त्यापायी स्वतःवर झाडलेल्या गोळ्यांतून ती वाचली. मुलगी डॉक्टर होण्याच्या वाटेने निघाली होती. चित्रकलेच्या वर्गाने वाट बदलली. नायजेरियन मासिकांतली छायाचित्रं कागदावर उतरवून त्यांच्या थरांवर ती घरातली साधी दृश्यं रंगवते. २०१७ मध्ये तिला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. आईला लागलेल्या त्या सोडतीतून नायजेरिया २०१५ च्या फेरीपासून वगळला गेला आहे, कारण तिथून जाणाऱ्यांची संख्या मर्यादेबाहेर गेली.

आणि तानी. तानितोलुवा अदेवुमी. त्याचे वडील कायोदे यांचा नायजेरियात छापखाना होता. २०१६ च्या डिसेंबरात काही माणसं मजकूर छापून मागायला आली. पाश्चात्त्य शिक्षणाला विरोध आणि ख्रिश्चनांना मारण्याची भाषा त्यात होती. बोको हराम. कायोदेंनी छापायला नकार दिला, मग घरावर माणसं चालून आली, आणि २०१७ मध्ये कुटुंब न्यूयॉर्कला पोहोचलं. तिथे बेघरांच्या निवाऱ्यात राहिलं. वडील भाड्याची गाडी चालवू लागले, आईने घरी जाऊन रुग्णसेवा करण्याचं प्रशिक्षण घेतलं. मुलाच्या सरकारी शाळेत बुद्धिबळाचा वर्ग होता, पण त्याला फी होती. आई ओलुवातोयिन यांनी एक ईमेल लिहिला: आम्ही निवाऱ्यात राहतो, फी भरू शकत नाही. वर्ग चालवणाऱ्याने फी माफ केली. रक्कम तीनशे-साडेतीनशे डॉलर.

मार्च २०१९ मध्ये तो आठ वर्षांचा मुलगा न्यूयॉर्क राज्याच्या आपल्या वयोगटातल्या स्पर्धेत एकही डाव न हरता विजेता झाला. बातमी छापून आली, अनोळखी लोकांनी दोन लाख डॉलरच्या वर पैसे जमवले, कोणी राहायला जागा दिली. कुटुंबाने त्यातला दहावा हिस्सा चर्चला दिला आणि बाकीची रक्कम आपल्यासारख्या स्थलांतरितांना मदत करणाऱ्या संस्थेसाठी ठेवली. दहाव्या वर्षी तानी अमेरिकेचा ‘नॅशनल मास्टर’ झाला. त्याच्या बुद्धीचं, कष्टांचं कौतुक करावं तेवढं थोडं. तरीही त्या आईचा ईमेल आणि त्याला आलेलं ‘या, फी नको’ हे उत्तर, याइतकं प्रेरणादायी मला त्या साऱ्या कहाणीत दुसरं काही वाटत नाही.

आपल्याकडच्या कहाण्याही याच डोळ्यांनी वाचायला हव्यात. १८८० च्या सुमारास न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी एका मिशनरी मासिकात जोशी दांपत्याबद्दलचा पत्रव्यवहार वाचला आणि कधीही न पाहिलेल्या आनंदीबाई जोशींना पत्र लिहिलं, घर देऊ केलं. १८८३ मध्ये आनंदीबाई त्यांच्याच घरी उतरल्या, मग फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयात गेल्या. १८८६ ची ती डॉक्टरकीची पदवी आपण अभिमानाने मिरवतो. कार्पेंटर मावशींचं नाव किती जणांना आठवतं? बेळगावात वाढलेले उद्योजक श्री ठाणेदार यांचं ‘ही श्रीची इच्छा’ मराठी घरांनी आवडीने वाचलं. ते पुस्तक पहिल्यांदा आलं तेव्हा यशाच्या शिखरावर थांबत होतं. २०१० मध्ये कर्जापायी त्यांच्या कंपन्या हातच्या गेल्या, त्यांनी अ‍ॅन आर्बरला प्रयोगशाळेपासून पुन्हा सुरुवात केली, आणि २०२२ मध्ये ते डेट्रॉइट परिसरातून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले. माझ्या मते पुस्तकानंतरचा हा भाग तरुणांना अधिक उपयोगी आहे, कारण बुडाल्यानंतर माणूस कोणाच्या आधाराने उठतो हे त्यात दिसतं.

आता बातमीकडे पाहा. नायजेरियावर बंदी घालताना अमेरिकी सरकारने जी कारणं दिली, त्यांत बोको हरामचा वावर हे एक आहे. छापखान्यात तो मजकूर छापायला नकार देणारा माणूस आणि तो आणणारी माणसं, दोघांनाही एकाच देशाच्या पासपोर्टवरून अडवायचं, हा न्याय मला मान्य नाही. व्हिसाची मुदत उलटून राहणाऱ्यांचं कारणही पुढे केलं गेलं. त्यासाठी त्या माणसांवर कारवाई करावी. यंदा विद्यापीठात जागा मिळालेल्या लागोसच्या मुलीचा त्यात काय दोष? आणि एक लाख डॉलरच्या भिंतीपुढे उभं राहून रागावणाऱ्या आपण सगळ्यांनी, नायजेरियापुढची ही भिंत आपल्याला नाही म्हणून गप्प बसणं मला पटत नाही.

‘मग आपल्या देशातच करा की उद्योग,’ हे उत्तर सोपं आहे, आणि नायजेरियन तरुण ते करत आहेतच. शोला अकिन्लादे आणि एझ्रा ओलुबी हे दोघे नायजेरियातच शिकले, लागोसमध्ये त्यांनी ‘पेस्टॅक’ ही ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सेवा उभी केली, आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या ‘स्ट्राइप’ने ती वीस कोटी डॉलरच्या वर किंमत देऊन घेतली. पण त्यांचाही सुरुवातीचा एक धनादेश २०१६ च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या ‘वाय कॉम्बिनेटर’कडून आला होता. नवउद्योगांना सुरुवातीचं भांडवल देणाऱ्या त्या संस्थेचा नियम तेव्हा असा होता की संस्थापकांनी तीन महिने तिथे येऊन राहायचं. लागोसहून आज अशी जोडी निघाली, तर तिला लागणारा व्यवसाय-भेटीचा नवा व्हिसा बंद यादीत आहे.