ठेका कोणाचा?

चरणजित सिंग हे मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार वाजवणारे वादक. १९८२ साली त्यांनी एचएमव्हीसाठी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ नावाची तबकडी केली. भैरवी, ललत, भूपाली, मालकंस असे दहा राग, आणि तबल्याच्या जागी डिस्कोचा यांत्रिक ठेका. तबकडी खपली नाही. २०१० मध्ये नेदरलँड्समधून ती पुन्हा निघाली, तेव्हा युरोपातले जाणकार चक्रावले. शिकागोतलं ‘ॲसिड हाउस’ संगीत ज्या तबकडीपासून मोजतात ती ‘ॲसिड ट्रॅक्स’ १९८७ची, आणि तोच घोगरा, सरपटणारा बास मुंबईत पाच वर्षं आधी वाजून गेला होता.

ॲसिड हाउस आधी कोणाचं, यावर भरपूर शाई खर्च झाली आहे. मला तो वाद कंटाळवाणा वाटतो. सिंग यांच्याजवळ रोलँड कंपनीची तीन यंत्रं होती: टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे बासचं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. खरी उत्सुकता आहे ती ही तीन यंत्रं एका लयीत कशी राहिली याची. कारण आज जगभर हे काम ज्या ‘मिडी’वर चालतं, ते मिडी तेव्हा जन्मालाच आलं नव्हतं.

रोलँडने ८०८पासून आपल्या तालयंत्रांना ‘सिंक’ नावाचं गोल, पाच छिद्रांचं सॉकेट दिलं होतं. त्यातली एक तार ‘चालू की बंद’ एवढंच सांगे. दुसरीवरून एका मात्रेला चोवीस ठोके जात. ८०८ ठोके देणार, ३०३ त्यावर आपली सोळा घरं चालणार. ज्युपिटर-८ला हे सॉकेट नव्हतं, पण कॉर्डचे सूर एकापाठोपाठ वाजवणाऱ्या त्याच्या आर्पेजिओला बाहेरून ठोका घ्यायची सोय होती. एकाच कंपनीची यंत्रं असली की एवढ्यावर काम भागे. अडचण दुसऱ्या कंपनीचं यंत्र टेबलावर आलं की सुरू होई. कॉर्गची यंत्रं मात्रेला अठ्ठेचाळीस ठोके मागत, ओबरहाइमची शहाण्णव. सुरांचंही तेच. मूग आणि रोलँड एका सप्तकाला एक व्होल्ट धरत, तर कॉर्ग आणि यामाहाचं गणित वेगळंच. थोडक्यात, प्रत्येक घराण्याची मात्रा निराळी.

यातून वाट काढायचं पहिल्यांदा मनावर घेतलं ते रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी. युद्धानंतर कोवळ्या वयात त्यांनी घड्याळ दुरुस्तीचं दुकान काढलं होतं. रोलँडची स्थापना १९७२ची. १९८१च्या जूनमध्ये त्यांनी समान मानकाचा विषय टॉम ओबरहाइम यांच्याकडे काढला आणि तिथून तो डेव्ह स्मिथ यांच्यापर्यंत गेला. स्मिथ कॅलिफोर्नियातल्या सिक्वेन्शियल सर्किट्सचे मालक. प्रॉफेट-५ हा गाजलेला सिंथेसायझर त्यांचाच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्मिथ यांनी न्यूयॉर्कच्या ध्वनी अभियंत्यांच्या परिषदेत चेट वुड यांच्याबरोबर केलेला आराखडा मांडला. अमेरिकी कंपन्यांपैकी फार थोड्यांनी त्यात रस घेतला. रोलँड, यामाहा, कॉर्ग, कवाई या जपानी कंपन्या मात्र चिकाटीने बसल्या, आराखड्याचा वेग वाढवला, विजेची सुरक्षितता आणली. १९८३च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका केबलने जोडले गेले. एकावर बोट ठेवलं की दुसरा वाजला. ऑगस्टपर्यंत ‘मिडी’ हे मानक छापून तयार होतं, आणि कोणीही ते फुकट वापरावं असं ठरलं. एकमेकांच्या धंद्यावर टपलेल्या कंपन्यांनी हे केलं, याचं मला अजून नवल वाटतं.

आता त्या केबलमधून नेमकं काय जातं ते पाहू. आवाज जात नाही. जातात फक्त आज्ञा. अमुक स्वर दाबला, इतक्या जोरात दाबला, सोडला. सेकंदाला ३१,२५० बिट हा वेग. दहा लाखांच्या घड्याळाला बत्तिसाने भागलं की नेमका हाच आकडा येतो, म्हणून तो निवडला. त्या काळच्या स्वस्त चिपला तो सहज जमे. एका बाइटला ०.३२ मिलिसेकंद लागतात, एक स्वर वाजवायला तीन बाइट. म्हणजे दहा बोटांचा भरगच्च कॉर्ड सुटा सुटा पाठवला तर शेवटचा स्वर पहिल्यानंतर साधारण नऊ मिलिसेकंदांनी पोचतो. तीन मीटरवर बसलेल्या तबलजीचा ठोका गायकाच्या कानी पोचायला जवळपास एवढाच वेळ लागतो, त्यामुळे याचा बाऊ करायचं कारण नाही.

लयीसाठी मात्र वेगळा, एकाच बाइटचा निरोप आहे. त्याला ‘क्लॉक’ म्हणतात. रोलँडचे मात्रेला चोवीस ठोके मिडीने जसेच्या तसे उचलले. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर सेकंदाला ४८ ठोके, दर २०.८३ मिलिसेकंदांनी एक. गंमत अशी, की लय १२० आहे हे कुठेच लिहिलेलं नसतं. लेझीम पथकात हलगीवाला पावलं सांगत नाही, नुसती हलगी वाजवतो, इथेही तसंच. घेणाऱ्या यंत्राने ठोक्यांमधलं अंतर मोजून लय ओळखायची.

चोवीस हा आकडा सोयीचा आहे. दुगुन, तिगुन, चौगुन, आठपट सगळं पुऱ्या ठोक्यावर बसतं. पण मात्रेत पाच किंवा सात बसवायला जा, चोवीसला पाचाने भागलं की ४.८ येतात आणि ठोका हातचा सुटतो. मधली जागा यंत्राने अंदाजाने भरायची. आपल्या लयकारीवर वाढलेल्या माणसाला ही मर्यादा चटकन जाणवावी.

दुसरी उणीव समेची. नुसत्या ठोक्यांवरून सम कुठे आहे ते कळत नाही. म्हणून ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’ आणि ‘कंटिन्यू’ हे तीन निरोप वेगळे ठेवले आहेत. स्टार्टनंतर येणारा पहिला ठोका ती सम. गाणं चालू असताना मध्येच केबल खोचली, तर यंत्राला लय मिळते, सम मिळत नाही. त्यासाठी गाण्यातली जागा सांगणारा आणखी एक निरोप आहे. तो चार मात्रांच्या १,०२४ आवर्तनांपर्यंत मोजू शकतो.

प्रत्यक्षात यंत्रं बिघडतात ती बहुधा क्लॉकच्या वक्तशीरपणावरून. १२०च्या लयीत एकच ठोका एक मिलिसेकंद उशिरा आला आणि यंत्राने त्या एका अंतरावरून हिशेब केला, तर त्याला लय ११४.५ वाटेल. म्हणून बहुतेक यंत्रं बऱ्याच ठोक्यांची सरासरी काढतात. मग लय खरोखर बदलली तरी ती सावकाश वळतात. दोन्हीकडून पंचाईत. संगणक दहा कामांत गुंतलेला असतो, त्यामुळे यूएसबीवरून येणारा त्याचा ठोका बऱ्याचदा डगमगतो, पडद्यावर ११९.८, १२०.३ असे नाचरे आकडे दिसतात ते त्यामुळेच. माझ्या मते तीन-चार यंत्रं जोडायची असतील तर ठोका तालयंत्रालाच देऊ द्यावा आणि संगणकानेही मुकाट त्याच्या मागे जावं.

ठोका देणारा मालक एकच हवा, हा पहिला नियम. बाकी प्रत्येक यंत्राच्या मेनूत जाऊन क्लॉक ‘इंटर्नल’वरून ‘एक्सटर्नल’वर आणायचं. हे विसरलं की दोन यंत्रं पहिली काही आवर्तनं छान एकत्र जातात आणि मग हळूहळू फाटतात.

‘थ्रू’ सॉकेटबद्दल एक समज घट्ट बसला आहे: एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं अशी माळ केली की उशीर होतो. थ्रूमधला उशीर मायक्रोसेकंदांचा, कानाला कळणारच नाही असा. खरी खराबी वेगळी. प्रत्येक यंत्रात शिरताना सिग्नल विजेतून प्रकाशात आणि परत विजेत जातो. यंत्रांच्या अर्थिंगमधून गुणगुण येऊ नये म्हणून ही योजना. पण चढताना आणि उतरताना लागणारा वेळ सारखा नसतो. बत्तीस मायक्रोसेकंदांचा बिट दर मुक्कामाला थोडा विद्रूप होतो आणि चार-पाच यंत्रांनंतर चुकीचा वाचला जाऊ लागतो. मग एखादा स्वर ‘सोड’ न ऐकता वाजतच राहतो. उपाय म्हणजे थ्रू बॉक्स: एक तार आत, चार-सहा तारा बाहेर, सगळ्यांना एकदमच.

मराठी वाद्यवृंदांत मिडी ज्या रूपाने ओळखीचं झालं ते ऑक्टोपॅडचं. १९८५चा मूळ ऑक्टोपॅड, पॅड-८, याच्या पोटात स्वतःचा एकही आवाज नव्हता. काठी मारली की मिडीचा निरोप जाई, आवाज दुसऱ्याच डब्यातून येई. आवाज आत असलेले पॅड नंतर आले, आणि ढोलकीपासून संबळापर्यंत सगळं त्यात शिरलं.

२०१३ मध्ये काकेहाशी आणि स्मिथ यांना मिडीसाठी तांत्रिक ग्रॅमी मिळालं. काकेहाशी २०१७ साली गेले, स्मिथ २०२२ साली. २०२० मध्ये ‘मिडी २.०’ संमत झालं, त्यात ठोक्याला वेळेची मोहोर मारायची सोय आहे. तरी आज दुकानात मिळणारा नवा सिंथेसायझर १९८३च्या प्रॉफेट-६००शी बोलू शकतो. संगणकाच्या जगात चाळीस वर्षं टिकलेली अशी वायर विरळाच.

चरणजित सिंग २०१५ साली मुंबईत वारले. त्यांच्या तबकडीची गोष्ट जगाला सविस्तर कळली ती ती पुन्हा निघाल्यावर, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी. त्या काळात मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंत आणि वाद्यवृंदांत तालयंत्रं जोडणारी, केबल डागून घेणारी बरीच माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत. आपल्या घरात, ओळखीत असं कोणी असेल तर कशाला काय जोडत होतात ते विचारून लिहून ठेवा. आणि माळ्यावर जुनं तालयंत्र सापडलं तर मागचं पाच छिद्रांचं सॉकेट मिडीचंच असेल असं धरून चालू नका; वर ‘सिंक’ लिहिलं आहे का ते आधी वाचा. दोन्हीचा प्लग सारखाच बसतो, पण सिंकचा सिग्नल पिन एक आणि तीनवर असतो, मिडीचा चार आणि पाचवर.